सभाधीटपणा कुठून येतो? रानड्यांच्या पुण्यातले काही वक्ते



आजच्या विषयाची सुरुवात एका फसलेल्या भाषणापासून करू. ते भाषण आमचंच आहे, त्यामुळे कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. आम्ही पाचवीत होतो. १ ऑगस्ट, लोकमान्यांची पुण्यतिथी. थोरल्या भावानं वहीच्या दोन पानांवर भाषण लिहून दिलं होतं आणि आम्ही ते आठ दिवस घोकलं होतं. ‘आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ इथपर्यंत गाडी झकास गेली. मग शेंगांची गोष्ट आली. शेंगा खाल्ल्या कुणी, टरफलं टाकली कुणी, हे सगळं झालं. आणि त्यापुढचं वाक्य ‘तथापि’नं सुरू होत होतं. तो ‘तथापि’ काही केल्या आठवेना. हॉल गप्प, आम्ही गप्प. शेवटी ‘एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ म्हणून खाली उतरलो. तेव्हा आपल्यापैकी निम्म्यांची हीच कहाणी असेल, हे आता तुमच्या हसण्यावरून कळतंय.

पुढं इतिहास शिकवायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की त्या दिवशी आमचा आवाज वगैरे ठीक होता. पण टिळकांबद्दल आम्हाला त्या दोन पानांपलीकडं काहीही माहीत नव्हतं. एक शब्द निसटला की खाली धरायला काही नाही. ज्याला विषय माहीत आहे तो ‘तथापि’ विसरला तर ‘पण’ म्हणतो आणि पुढं जातो.

म्हणून आज आपण सभाधीटपणाचा विचार करताना जन्मजात वक्त्यांकडं जायचं नाही. शिवरामपंत परांजप्यांसारखी माणसं वेगळीच असतात, त्यांच्याकडून आपल्याला शिकण्यासारखं फार नाही, फक्त ऐकत राहायचं. आपण अशा माणसांकडं बघू ज्यांना हे मुद्दाम शिकावं लागलं. त्यांत मुख्य गोपाळ कृष्ण गोखले.

आधी त्या वेळच्या पुण्याबद्दल दोन शब्द. बोलणं आपल्याकडं काही नवीन नव्हतं. कीर्तन होतं, पुराण होतं, प्रवचन होतं. पण कीर्तनकाराला मध्येच उठून ‘बुवा, याला पुरावा काय?’ असं विचारायची रीत नव्हती. बुवांचा अधिकार आधीच मान्य झालेला असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी ‘सभा’ आली ती निराळी चीज होती. तिथं अध्यक्ष असतो, ठराव असतो, ठरावाला अनुमोदन लागतं, उपसूचना येते, विरोधात बोलणारा उभा राहतो. १८७० साली सार्वजनिक सभा निघाली. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती रानडे नोकरीनिमित्त पुण्यात आले. १८७५ पासून त्यांच्या पुढाकारानं व्याख्यानांचा जो उपक्रम सुरू झाला तो वसंत व्याख्यानमाला म्हणून आजही आपल्याला माहीत आहे. आपण इथं जमलोय तो प्रकार त्याच झाडाची फांदी म्हणायला हरकत नाही.

तर या नव्या सभेनं एक नवी भीती आणली. लोक हसतील ही जुनी भीती होतीच. नवी भीती अशी, की आपण जे म्हणतोय ते खोटं ठरलं तर? सरकारी अंमलदार अहवाल काढून दाखवेल, विरोधी पक्षाचा माणूस उभा राहून आकडा चुकीचा आहे म्हणेल. ही भीती खणखणीत आवाजानं जात नाही. आजच्या भाषणात आम्हाला सांगायचंय ते मुख्यतः या दुसऱ्या भीतीबद्दल.

गोखले १८६६ सालचे, गुहागरजवळच्या कोतळूकचे. घरची गरिबी. १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतली, आणि वर्षभरात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर झाले. पुढं फर्ग्युसन कॉलेज. इंग्रजी शिकव, गणित शिकव, इतिहास शिकव, अर्थशास्त्र शिकव, जो विषय अडेल तो त्यांच्याकडं. त्यांचं अंकगणिताचं पुस्तक तर पुढं कितीतरी वर्षं शाळांतून चाललं. गणिताचा मास्तर हा मुद्दा लक्षात ठेवा, नंतर लागणार आहे. तरुणपणी त्यांनी इंग्रजी ग्रंथांचे उतारेच्या उतारे पाठ केले होते. म्हणजे घोकंपट्टी त्यांनीही केलीच, फक्त ते तिथं थांबले नाहीत.

रानड्यांची आणि त्यांची पहिली गाठ कशी पडली याची एक हकीकत सांगतात. शाळेच्या एका समारंभात तरुण गोखल्यांना दारावर उभं केलं होतं, निमंत्रणपत्रिका बघून आत सोडायला. रानडे आले, त्यांच्याकडं पत्रिका नव्हती. गोखल्यांनी अडवलं! शेवटी दुसऱ्या कुणी तरी रानड्यांना आत नेलं. कागद दाखवल्याशिवाय आत सोडायचं नाही, हा बाणा पुढं गोखल्यांच्या भाषणातही उतरला असं आम्हाला गमतीनं वाटतं.

त्यानंतर काही वर्षं गोखले रानड्यांच्या हाताखाली अक्षरशः उमेदवारी करत होते. सार्वजनिक सभेचं त्रैमासिक चालवायचं, सरकारी अहवाल वाचायचे, त्यातून आकडे काढायचे, सरकारला पाठवायच्या अर्जांचे मसुदे करायचे. एकीकडं आगरकरांच्या ‘सुधारका’ची इंग्रजी बाजूही सांभाळायची. एकदा खूप खपून केलेल्या अर्जाला सरकारकडून दोन ओळींचं कोरडं उत्तर आलं. गोखले खट्टू झाले, एवढी मेहनत कशासाठी करायची म्हणाले. तेव्हा रानड्यांनी त्यांना समजावलं, की हे अर्ज नावाला सरकारला असतात. खरे ते लोकांसाठी असतात, या प्रश्नांवर विचार कसा करायचा हे लोकांना कळावं म्हणून. ही आठवण गोखल्यांनीच पुढं सांगितली आहे.

बोलायला शिकणाऱ्याला याचा काय उपयोग? उपयोग असा, की या मुलाला आधी व्यासपीठ मिळालं नाही, आधी मसुदा मिळाला. लिहायचं, कुणी तरी जाणत्यानं खोडायचं, पुन्हा लिहायचं. लिहिताना जो विचार गढूळ असतो तो कागदावर लगेच दिसतो. बोलताना हातवाऱ्यात लपून जातो. आमच्याकडं येणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही हेच सांगतो आणि त्यांना ते आवडत नाही. त्यांना आरशासमोर उभं राहायचं असतं.

आता जरा मुंबईला जाऊन येऊ, कारण तिथं दुसरा एक मुलखाचा भिडस्त वक्ता आपली वाट बघतोय. साल १८९६, सप्टेंबरची २६ तारीख. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची दैना सांगायला सव्वीस वर्षांचे गांधी आलेत. सर फिरोजशहा मेहतांनी सभा भरवली. आदल्या दिवशी त्यांनी विचारलं, भाषण तयार आहे ना? गांधी म्हणाले, नाही, आयत्या वेळी बोलेन म्हणतो. मेहता म्हणाले, मुंबईत ते चालायचं नाही. इथं वार्तांकन वाईट होतं, भाषण लिहून, छापून हातात पाहिजे, आणि उद्याच्या आत. रात्री अकराला माणूस कागद न्यायला आला. दुसऱ्या दिवशी सर कावसजी जहांगीर इन्स्टिट्यूटचा हॉल गच्च. गांधी उभे राहिले, अंग थरथरतंय. मेहता बाजूनं सांगताहेत, मोठ्यानं, अजून मोठ्यानं. आणि जितकं ते सांगत तितका यांचा आवाज आत जाई! हे सगळं गांधींनी आत्मचरित्रात स्वतः लिहिलंय. शेवटी केशवराव देशपांडे मदतीला आले, त्यांनी कागद हातात घेतला. पण श्रोत्यांनी ‘वाच्छा, वाच्छा’ असा गिल्ला केला. मग दिनशा वाच्छा उठले आणि त्यांनी ते भाषण वाचलं. सभा एकदम शांत झाली, टाळ्या पडल्या, शेवटपर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

इथं थोडं थांबू. भाषण कुणाचं? गांधींचं. आवाज कुणाचा? वाच्छांचा. आणि सभा जिंकली. म्हणजे आवाज ही उसनी मिळणारी गोष्ट आहे. कागदावरचा मजकूर उसना मिळत नाही. आमच्या पाचवीच्या भाषणात नेमकं उलटं होतं, आवाज आमचा होता आणि मजकूर भावाचा.

मेहतांचं ‘मोठ्यानं बोल’ हेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. घाबरलेल्या माणसाला पुढच्या रांगेतून सूचना देऊ नयेत. आई-वडिलांनी तर मुळीच नाही.

त्याच दौऱ्यात गांधी पुण्यात आले, टिळकांना भेटले, फर्ग्युसन कॉलेजात गोखल्यांना भेटले. गोखल्यांचं नि त्यांचं जे जुळलं ते कायमचं. तो धागा थोडा वेळ बाजूला ठेवू.

१८९७. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करायला विलायतेत एक रॉयल कमिशन नेमलेलं होतं, लॉर्ड वेल्बी त्याचे अध्यक्ष. साक्ष द्यायला इकडून चौघे गेले. सुरेंद्रनाथ बॅनर्जी, मद्रासचे जी. सुब्रह्मण्य अय्यर, मुंबईचे तेच दिनशा वाच्छा, आणि पुण्याच्या डेक्कन सभेतर्फे गोखले. वयानं तीस. कमिशनवर दादाभाई नौरोजी होते, ते आपल्या बाजूचे. पण बाकीचे बहुतेक हिंदुस्थानच्या कारभारात मुरलेले लोक. पद्धत अशी, की साक्षीदारानं आधी लेखी निवेदन द्यायचं आणि मग त्यावर तोंडी उलटतपासणी. तास न् तास. लष्करी खर्च, होम चार्जेस म्हणजे विलायतेत दरवर्षी पाठवायची रक्कम, गोऱ्या अंमलदारांचे पगार, प्रांतांचा वाटा. एकेका आकड्यावर प्रश्न.

या निवेदनामागं दोन माणसं उभी होती. एक रानडे. दुसरे गणेश व्यंकटेश जोशी, सोलापूरच्या हायस्कुलाचे हेडमास्तर. हे नाव आज फारसं कुणाला माहीत नसतं, आणि आम्हाला विचाराल तर आजच्या भाषणाचे खरे सत्कारमूर्ती तेच आहेत. सरकारी नोकरीतला माणूस, व्यासपीठावर यायचा प्रश्नच नाही. पण सरकारी हिशेबाची जाण अशी, की त्यांचे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातले लेख आजही अभ्यासक काढून वाचतात. गोखले त्यांना पत्रं लिहीत, शंका विचारत, आकडे मागवत. हा सिलसिला पुढं अनेक वर्षं चालला.

प्रवासात कॅलेला गोखल्यांच्या छातीला जोराचा मार बसला. भिडस्तपणा असा, की बरोबरच्या वाच्छांनाही त्यांनी काही दिवस सांगितलं नाही. लंडनला गेल्यावर दुखणं वाढलं तेव्हा डॉक्टर आला. असा माणूस एप्रिलमध्ये कमिशनपुढं बसला आणि दोन दिवस साक्ष दिली. ठाम, मुद्देसूद, कुठं चढा आवाज नाही. दादाभाई खूश झाले, पुण्यात अभिमानाची लहर आली. गोष्ट इथं संपवली असती तर शाळेच्या पुस्तकात शोभली असती.

पण त्याच मुक्कामात एक घात झाला. त्या वर्षी पुण्यात प्लेगचा कहर होता. घरं तपासायला गोरे शिपाई लावले होते, आणि लोकांत भयंकर संताप होता. गोखल्यांना पुण्याहून स्नेह्यांची पत्रं येत होती. त्यांत शिपायांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचाराच्या हकीकती होत्या. गोखल्यांनी त्या आधारावर ‘मँचेस्टर गार्डियन’ या पत्राला माहिती दिली. पार्लमेंटात प्रश्न निघाला. मुंबई सरकारनं साफ इन्कार केला. इकडं २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. वातावरण एकदम तापलं. गोखल्यांची बोट मुंबईला लागली तेव्हा एकच प्रश्न त्यांच्यापुढं होता: पुरावा काय? पत्रं लिहिणारे पुढं येऊन साक्ष देतील अशी स्थिती नव्हती. त्यांची नावं सांगणं म्हणजे त्यांना सरकारच्या तोंडी देणं. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. ऑगस्टच्या सुरुवातीला ती वर्तमानपत्रांत आली. त्याच्या आठवडाभर आधी टिळकांना अटक झालेली होती.

पुण्यानं त्यांना हे बरीच वर्षं विसरू दिलं नाही. ती माफी बरोबर की चूक यावर आजही मराठी माणूस भांडू शकतो. आमचं मत विचाराल तर एवढंच, की लोकांचं दुःख खरं होतं आणि गोखल्यांचं विधान मात्र त्या दिवशी सिद्ध होण्यासारखं नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं बघा. एप्रिलमधले गोखले आणि त्यानंतरचे गोखले, माणूस एकच. धीटपणाही तोच, उलट कमिशनपुढच्या यशानं तो वाढलेलाच असणार. फरक कुठं होता? एप्रिलमधलं प्रत्येक वाक्य पुण्यात नि सोलापुरात महिनोन् महिने तपासलेलं होतं. गार्डियनमधलं वाक्य पत्रावरून उचललेलं होतं. आत्मविश्वासाला स्वतःचं असं डोकं नसतं, तो खऱ्या विधानालाही साथ देतो आणि कच्च्या विधानालाही तितकीच साथ देतो. ‘आत्मविश्वास वाढवा’ असं सांगणाऱ्या शिबिरांबद्दल आमची तक्रार आहे ती हीच.

माफीनंतर गोखले घरात बसले नाहीत. प्लेगच्या कामात स्वयंसेवक म्हणून फिरले. १८९९ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले. आणि १९०१ च्या अखेरीला कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलात फिरोजशहांच्या जागी त्यांची निवड झाली.

कलकत्ता म्हटल्यावर मघाचा धागा परत घेऊ. त्या डिसेंबरात तिथंच काँग्रेस भरली होती. अध्यक्ष कोण? दिनशा वाच्छा! गांधींना दक्षिण आफ्रिकेचा ठराव मांडायचा होता. विषयनियामक समितीत रात्र झालेली, जो तो घाईत, तेव्हा गोखल्यांनी त्यांचा ठराव घुसवून दिला. दुसऱ्या दिवशी बोलायला पाच मिनिटं. गांधी बोलताहेत आणि मध्येच अध्यक्षांची घंटा वाजली. ती दोन मिनिटं उरल्याची सूचना होती. गांधींना ते माहीत नव्हतं, ते दुखावले आणि जागेवर जाऊन बसले. पाच वर्षांपूर्वी ज्या वाच्छांनी त्यांना आवाज दिला त्यांनीच घंटा वाजवली, असा योग. पण या खेपेला माणूस उभा राहून बोलला होता, हेही बघा. मुंबई ते कलकत्ता यामध्ये दक्षिण आफ्रिकेतली पाच वर्षं होती, अर्ज लिहिण्याची, सभा भरवण्याची, हिशेब ठेवण्याची. पुढं गांधींनी लिहिलंय, की बोलण्यातल्या संकोचानं आपल्याला शब्द जपून वापरायला शिकवलं आणि त्याचा आपल्याला फायदाच झाला.

अधिवेशन संपल्यावर ते महिनाभर गोखल्यांच्या बिऱ्हाडी राहिले. या माणसाचं एक मिनिटही फुकट जात नाही असं त्यांना दिसलं. काय करत असतील गोखले तेव्हा? समोर अर्थसंकल्पाची चर्चा होती. सोलापूरला जोश्यांकडं पत्रं जात होती.

२६ मार्च १९०२. व्हाइसरॉय कर्झन अध्यक्षस्थानी. सरकारी तिजोरीत सात कोटींची शिल्लक दाखवलेली. एकामागून एक सदस्य उठताहेत आणि अर्थमंत्री सर एडवर्ड लॉ यांचं अभिनंदन करताहेत. नव्या सदस्याची पाळी आली. गोखल्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, की या अभिनंदनात मला मनापासून सामील होता येत नाही. आणि लगेच कारण. देश दुष्काळातून चाललाय आणि तिजोरी भरतेय, म्हणजे लोकांची स्थिती आणि सरकारच्या हिशेबाची स्थिती यांचा एकमेकांशी मेळ उरलेला नाही. बस्स. सबंध भाषणाचा गाभा सुरुवातीच्या दोन वाक्यांत आला. त्यानंतरचं सगळं त्याचा पुरावा.

तो पुरावा कसा मांडला, याची एक झलक देतो, कारण स्पष्टपणा म्हणजे काय ते तिथं दिसतं. विषय रुक्ष, विनिमयाचा दर. काही वर्षांपूर्वी रुपयाची किंमत घसरून सुमारे तेरा पेन्सांवर आली होती. दोनशेचाळीस पेन्सांचा एक पौंड. म्हणजे विलायतेला एक पौंड पाठवायला साडेअठरा रुपयांच्या आसपास पडत. होम चार्जेस होते वर्षाला दीड कोटी पौंडांच्या वर. तेव्हा सरकार म्हणालं, आम्हाला तूट येतेय, कर वाढवायला हवेत. वाढवले. मिठावरचा कर आधीच, १८८८ साली, मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये केलेला होता. पुढं सरकारनं टांकसाळी बंद करून रुपया सोळा पेन्सांवर आणला. आता तोच पौंड पंधरा रुपयांत जाऊ लागला. पौंडामागं साडेतीन रुपये वाचले. दीड कोटी पौंडांवर किती वाचले ते इथला कुणीही दुकानदार तोंडी सांगेल. बचत झाली, पण तुटीच्या नावानं वाढवलेले कर मात्र तसेच राहिले. शिल्लक आली ती इथून. ती भरभराट नव्हती, रयतेकडून जास्त घेतलेला पैसा होता.

बघा, गणिताचा मास्तर बोलतोय. एक पायरी, दुसरी पायरी, उत्तर. ऐकणाऱ्याला मध्ये कुठं उडी मारावी लागत नाही. आणि मिठाकडं आल्यावर त्यांनी दाखवलं, की लोकसंख्येच्या मानानं मिठाचा खप वाढत नाही. मीठ ही काही चैनीची वस्तू नव्हे. गरीब माणूस मिठात काटकसर करतोय याचा अर्थ काय होतो, तो कौन्सिलातल्या लोकांनी काढावा. या ठिकाणी एखादा वक्ता डोळ्यांत पाणी आणून बोलला असता. गोखल्यांनी आकडा ठेवला आणि पुढं गेले. १९०३ साली मिठावरचा कर मणामागं आठ आण्यांनी कमी झाला, १९०५ ला आणखी आठ आणे, १९०७ ला तो एका रुपयावर आला. सगळं श्रेय भाषणांना द्यायचं कारण नाही, सरकारकडं शिल्लकही होती. पण दरवर्षी कुणी तरी उभं राहून तोच हिशेब मांडत होतं.

आता एक गोष्ट सांगितली नाही तर आम्ही अप्रामाणिक ठरू. हा सगळा स्पष्टपणा इंग्रजीत होता. कौन्सिलाच्या खोलीत, मूठभर लोकांपुढं. रायगडावर, नाहीतर गणपतीच्या मांडवात हजारो लोक ज्याचं ऐकायला जमत तो माणूस टिळक होता. टिळकांचं बोलणंही अलंकारिक नव्हतं, रोखठोक असायचं. पण ते लोकांच्या घरातल्या भाषेत होतं. ती भाषा गोखल्यांना व्यासपीठावर कधी फारशी वश झाली नाही. ज्या शेतकऱ्याच्या मिठाचा हिशेब त्यांनी इतका स्वच्छ मांडला, त्या शेतकऱ्याला तो कळला नसता. उलट गाडगेबाबांचं कीर्तन घ्या. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्यांना साधे साधे प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. एक आकडा नाही, एक अहवाल नाही, आणि तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला सगळं उमगे. स्पष्टपणा कुणासाठी, हे आधी ठरवावं लागतं. गोखल्यांनी आपला श्रोता ठरवला होता, त्याची किंमतही त्यांनी मोजली.

आणखी एका व्यक्तीबद्दल बोललं पाहिजे. उशीर होतोय, तरी बोलतोच. रमाबाई रानडे. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची मुलगी, १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न होऊन आली. अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी रात्री शिकवायला सुरुवात केली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच पसंत नव्हतं. टोमणे, अबोला, सगळं त्यांनी सोसलं, आणि ते ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात कसलाही आव न आणता लिहून ठेवलं. नाशिकला एका शाळेच्या समारंभात पहिल्यांदा बोलायची वेळ आली तेव्हा भाषण रानड्यांनी लिहून दिलं होतं. म्हणजे पुन्हा आमच्या पाचवीचाच प्रकार! पुढं पुण्यात मुलींच्या हायस्कुलासाठी सभा झाली, तिथं इंग्रजीतलं निवेदन वाचलं, तर घरी आल्यावर स्वागत काय झालं असेल ते सांगायला नको. पुरुष वक्त्याला सभेत उभं राहायची भीती असते. यांना सभेतून घरी जायची भीती होती.

१९०१ च्या जानेवारीत रानडे गेले. लिहून देणारा हात गेला. आणि १९०४ साली मुंबईत भरलेल्या महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी रमाबाई होत्या. १९०९ पासून पुण्याच्या सेवासदनाचं काम त्यांनी उभं केलं. तुरुंगातल्या बायकांना भेटायला जात, त्यांच्याशी बोलत. मुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून झालेल्या चळवळीत पुढं उभ्या राहिल्या. उसन्या कागदापासून इथवर त्या कशा आल्या? आमच्या समजुतीप्रमाणं मधल्या वीस वर्षांतल्या बायकांच्या त्या छोट्या बैठकांनी. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज काढला, तिथं दर आठवड्याला दहा-पंधरा जणी जमायच्या. कुणी निबंध वाचायचं, कुणी प्रश्न विचारायचं. टाळ्या नाहीत, वर्तमानपत्र नाही. चूक झाली तर फार तर शेजारणीला कळणार. गोखल्यांना मसुद्यात जी खोडायची मोकळीक मिळाली ती यांना त्या खोलीत मिळाली.

शेवटी परत गोखल्यांकडं. मार्च १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. वर्षभर देशात फिरून मतं गोळा केली. प्रकृती ढासळलेली, मधुमेहानं पोखरलेली. सोलापूरचे जोशी त्याच साली वारले. मार्च १९१२ मध्ये चर्चा झाली तेव्हा विधेयक पडणार हे गोखल्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते सभागृहात बोलूनही दाखवलं. तरीही दोन्ही दिवस एकेका आक्षेपाला आकड्यानिशी उत्तर दिलं. पैसे कुठून आणायचे, किती वर्षांत किती मुलं शाळेत येतील, इतर देशांनी काय केलं. मतं पडली, बाजूनं तेरा, विरुद्ध अडतीस. ते भाषण आज वाचायला मिळतं. आमची विनंती आहे की इथल्या कॉलेजच्या मुलांनी ते एकदा वाचावं, आणि वाचताना हातात पेन्सिल ठेवावी. प्रत्येक विधानापुढं समासात ‘पुरावा काय?’ असं लिहीत जा, आणि तो पुढच्या दोन-चार ओळींत सापडतो का बघा.

संयोजकांनी घड्याळ दाखवलंय, आणि दोन मिनिटांची घंटा काय असते ते आम्हाला माहीत आहे. प्रश्न असतील तर विचारा. मागच्या रांगेतल्या ताई केव्हापासून हात वर करून आहेत, आधी त्यांचा घेऊ.